मांडणीवरचे चित्र : अमेरिकी कॉमिकच्या मुखपृष्ठाची नव्वद वर्षे

अमेरिकी कॉमिकचे नाव मुखपृष्ठाच्या अगदी माथ्यावर छापलेले असते. चित्र कोणाचेही असो, नायक कोणीही असो, नावाची जागा सहसा हलत नाही. हा रिवाज चित्रकारांनी पाडलेला नाही, विक्रेत्यांच्या मांडणीने पाडला आहे. रस्त्याकडेच्या वृत्तपत्रविक्रेत्याकडे अंक एकमेकांवर सरकवून लावलेले असत. औषधांच्या आणि किराणा मालाच्या दुकानांत ते तारेच्या फिरत्या मांडणीत एकामागे एक खोचलेले असत. दोन्हीकडे गिऱ्हाइकाला दिसे तो अंकाचा वरचा तिसरा हिस्सा; बाकीचे चित्र पुढच्या अंकाआड झाकलेले राही. दहा सेंटांचे नाणे मुठीत धरून उभ्या असलेल्या मुलाने कोणता अंक उपसून काढायचा, याचा निकाल त्या चार बोटांच्या पट्टीवर लागत असे.

गेल्या नव्वद वर्षांत कॉमिकच्या मुखपृष्ठाने जी रूपे घेतली, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ असेच विक्रीच्या जागेत सापडते. दुकान बदलले की मुखपृष्ठ बदलले. आणि या अडचणींतूनच विसाव्या शतकातली काही सर्वाधिक ओळखली जाणारी चित्रे जन्मली, हे त्याहून मोठे नवल आहे.

अनोळखी नायक कसा विकायचा?

कॉमिक हा स्वतंत्र अंक म्हणून विकायला सुरुवात झाली ती १९३० च्या दशकात. 'फेमस फनीज' हा अंक १९३४ मध्ये विक्रेत्यांकडे आला. वर्तमानपत्रांत आधी छापून गेलेल्या चित्रपट्ट्या त्यात एकत्र केलेल्या असत. त्याच्या मुखपृष्ठाला फार कष्ट पडत नव्हते. घरोघरी ठाऊक असलेली विनोदी पात्रे दाखवली की काम भागे. पेच आला तो नवी पात्रे घेऊन नवे अंक निघू लागले तेव्हा. ज्याचे नावही कोणी ऐकलेले नाही, त्याच्यासाठी मुलाने खिशातून नाणे का काढावे?

जून १९३८ ही तारीख असलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाने या प्रश्नाला दिलेले उत्तर बारकाईने पाहण्यासारखे आहे. निळ्या पोशाखातल्या, खांद्यावर लाल शेला उडत असलेल्या एका माणसाने हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आदळली आहे. मोटारीचे चाक निखळले आहे, पत्र्याचे तुकडे उडाले आहेत. पुढे डाव्या कोपऱ्यात एक माणूस दोन्ही हातांनी डोके धरून थेट पाहणाऱ्याच्या दिशेने पळत सुटला आहे. मागे पिवळ्या रंगाचा स्फोट. चित्रात संवादाचा फुगा नाही, ओळख करून देणारा मजकूर नाही, सुपरमॅन हे नावही कोठे नाही. हा कोण आणि हे काय चालले आहे, हे जाणून घ्यायचे तर अंक उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

हे चित्र जो शुस्टर यांचे. पात्र त्यांचे आणि लेखक जेरी सीगल यांचे. हे दोघेही क्लीव्हलंडचे तरुण. प्रकाशक हॅरी डोननफेल्ड यांना मोटार उचलणारा माणूस हास्यास्पद वाटला आणि पुढच्या काही अंकांच्या मुखपृष्ठांवरून सुपरमॅन गायबच झाला. मुले विक्रेत्याकडे 'तो सुपरमॅनवाला अंक' मागतात हे लक्षात आल्यावर त्याला परत आणले गेले, असे सांगतात. सातव्या अंकावर तो पुन्हा झळकला. पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरना विकली गेली.

नावाच्या अक्षरांनाही याच काळात घडण मिळाली. सुपरमॅनचे कमानीसारखे वळलेले, दगडातून कोरून काढल्यासारखी जाडी असलेले नाव आज जगभर ओळखले जाते. शुस्टर यांच्या मूळ आराखड्यावरून १९४० मध्ये ते घोटून पक्के केले आयरा श्नॅप या अक्षरकाराने. वरच्या पट्टीत जे दिसणार तेच विकणार असेल, तर अक्षरांनीही चित्राइतकेच बोलले पाहिजे, हे त्यांच्या हाताने दाखवून दिले.

युद्धाच्या आधी मारलेला ठोसा

'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ ही तारीख आहे, पण तो विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्ये. मासिक जुने वाटू नये म्हणून पुढची तारीख छापण्याची तेव्हा पद्धत होती. मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका नाझींच्या अड्ड्यात घुसून हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे. सैनिकांच्या गोळ्या त्याच्या ढालीवर आपटत आहेत, जमिनीवर अमेरिकेतील घातपाताची योजना पडली आहे आणि मागच्या पडद्यावर अमेरिकी दारूगोळ्याच्या कारखान्यातला घातपात दिसतो आहे.

चित्रकार जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू होते. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीच नव्हती. पर्ल हार्बरवरचा हल्ला व्हायला आणखी वर्ष होते, आणि युद्धापासून दूर राहावे असे मानणारा वर्ग देशात मोठा होता. म्हणून या मुखपृष्ठाला बातमीचे नव्हे, भूमिकेचे मोल आहे. अंकाच्या जवळपास दहा लाख प्रती खपल्या. चित्रकारांना धमक्याही आल्या.

युद्ध सुरू झाल्यावर प्वेर्तो रिकोत जन्मलेल्या अ‍ॅलेक्स शॉमबर्ग यांनी आणखी वेगळा मार्ग काढला. त्यांच्या मुखपृष्ठांवर तसूभरही जागा मोकळी नसे. विमाने, रणगाडे, यंत्रे, बेड्या, दोर, वरून झेपावणारे दोन-तीन नायक आणि शत्रूची फौज असा पसारा एकाच चित्रात मांडलेला असे. अंक विकत घेण्याआधीच मुलाला मुखपृष्ठावर पाच मिनिटे रेंगाळता येई.

एका अक्षराची उंची नियमावलीत येते

युद्धानंतर नायकांची लाट ओसरली आणि गुन्हेगारी व भयकथांचे अंक पुढे आले. 'क्राइम डझ नॉट पे' या अंकाच्या नावात 'क्राइम' हा शब्द भल्यामोठ्या अक्षरांत असे, आणि गुन्हा फळत नाही हे सांगणारे उरलेले शब्द त्यामानाने लहान. दुरून वाचता येई तो फक्त पहिला शब्द.

१९५४ मध्ये हा मामला अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे गेला. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी आपल्या पुस्तकातून, कॉमिकमुळे मुले बिघडतात, असा आरोप केला होता. २१ एप्रिल रोजी 'ईसी कॉमिक्स'चे प्रकाशक विल्यम गेन्स साक्षीला उभे राहिले. सिनेटर एस्टिस कीफॉव्हर यांनी जॉनी क्रेग यांनी काढलेले एक मुखपृष्ठ त्यांच्यापुढे धरले. त्यात एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात स्त्रीचे धडावेगळे मस्तक धरलेला माणूस होता. हे अभिरुचीला धरून आहे का, असा प्रश्न झाला. भयकथेच्या अंकासाठी आहे, असे गेन्स म्हणाले. मस्तक आणखी वर धरून मानेतून ठिबकणारे रक्त दाखवले असते तर ते अभिरुचीला सोडून झाले असते, असा खुलासाही त्यांनी केला. ही साक्ष गाजली आणि प्रकाशकांची बाजू कायमची लंगडी पडली.

त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःहून नियमावली आणि तपासणीची यंत्रणा उभारली. मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात तिचा टपाल तिकिटासारखा शिक्का असल्याशिवाय वितरक अंक उचलेनात. नियम किती बारीक होते ते पाहावे : अंकाच्या नावात भय किंवा दहशत या अर्थाचे ठरावीक शब्द वापरायचे नाहीत, 'क्राइम' हा शब्द नावातल्या इतर शब्दांहून लक्षात येण्याइतका मोठा छापायचा नाही, आणि तो मुखपृष्ठावर एकटा तर येताच कामा नये. अक्षराच्या उंचीवर बंधन घालण्याइतके सामर्थ्य मुखपृष्ठात आहे, याची याहून स्पष्ट कबुली दुसरी नसेल. हा शिक्का पुढे पन्नासहून अधिक वर्षे टिकला. २०११ मध्ये 'डीसी' आणि 'आर्ची' या प्रकाशनांनी तो सोडला तेव्हा त्याची अखेर झाली.

गोरिला, चौकडी आणि कोपऱ्यातली चौकट

रक्त आणि भय बाद झाल्यावर लक्ष वेधायचे कशाने? 'डीसी'चे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्या हाती उत्तर १९५१ मध्येच लागले होते. 'स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स'च्या आठव्या अंकावर पिंजऱ्यातला गोरिला एका स्त्रीला पाटी दाखवतो : आपण एका भयंकर प्रयोगाचे बळी आहोत, असे त्याने तीवर लिहिलेले आहे. अंक धडाक्याने खपला. मग प्रत्येक संपादकाला मुखपृष्ठावर गोरिला हवासा झाला आणि शेवटी महिन्याला एकच गोरिला, असा दंडक वरिष्ठांना घालावा लागला.

श्वार्ट्झ यांनी यातून एक कार्यपद्धतीच बसवली. आधी कोड्यात टाकणारे मुखपृष्ठ काढून घ्यायचे आणि नंतर लेखकाला सांगायचे, की हे असे का घडले ते आता कथेत सोडवा. कार्माइन इन्फँटिनो यांच्याबरोबर ही पद्धत फुलली. १९६६ च्या 'फ्लॅश'च्या एका अंकावर तर नायक हाताचा पंजा पुढे करून थेट गिऱ्हाइकालाच थांबवतो : हा अंक ओलांडून जाऊ नका, माझा जीव त्यावर अवलंबून आहे! चित्राने मांडणीपुढे उभ्या असलेल्या मुलाशी थेट बोलायला सुरुवात केली होती.

त्याच वर्षी 'डीसी'ने आपल्या सर्व अंकांच्या माथ्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी चौकडी छापायला घेतली. हेतू हा, की मांडणीत अंक कितीही खाली दबला तरी वरची कड ओळखू यावी. युक्ती फसली आणि दीडेक वर्षात बंद पडली. कोणते अंक घ्यायचे नाहीत हे तेवढे लोकांना दुरून कळू लागले, अशी टीका पुढे खुद्द इन्फँटिनो यांनीच केली. 'मार्व्हल'ची तोड मात्र टिकली. १९६३ पासून त्यांच्या अंकांच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकट आली. तीत प्रकाशनाचे नाव, किंमत, अंकाचा क्रमांक आणि नायकाची छोटी आकृती असे. ही कल्पना स्पायडरमॅनचे चित्रकार स्टीव्ह डिटको यांची. अंक एकमेकांवर सरकवलेले असले तरी डावी कड उघडी राहते, आणि तेवढ्यात हा अंक कोणाचा हे कळते.

एक मुखपृष्ठ कसे तयार होई

त्या काळी एका मुखपृष्ठावरून किती हात फिरत, हे सहसा ध्यानात येत नाही. संपादक आणि चित्रकार मिळून लहानसा कच्चा आराखडा ठरवत. मग छापील आकारापेक्षा मोठ्या जाड कागदावर पेन्सिलीने चित्र काढले जाई. दुसरा चित्रकार त्यावर कुंचल्याने आणि टाकाने शाई चढवी. अक्षरकार संवादाचे फुगे व ठसठशीत मजकूर लिही, आणि ठरीव नावाची छायाप्रत माथ्यावर डकवली जाई. या काळ्या-पांढऱ्या चित्राची लहान प्रत घेऊन रंगकार तीवर पाण्यात विरघळणारे रंग भरी. त्या नमुन्यावरून छपाईसाठी पिवळा, लाल, निळा आणि काळा अशा चार रंगांच्या वेगळ्या प्लेट्स तयार होत. आतली पाने स्वस्त न्यूजप्रिंटवर छापली जात. मुखपृष्ठ मात्र वेगळे, गुळगुळीत कागदावर छापून मागाहून पिनांनी जोडले जाई. म्हणूनच जुन्या अंकांची आतली पाने तपकिरी पडली तरी मुखपृष्ठावरचा लाल रंग अजून तेजीत असतो.

या साखळीतून काय निघू शकते, याचा उत्तम दाखला म्हणजे १९६८ चा 'हल्क'चा वार्षिक अंक. जिम स्टेरँको यांनी नायकाचे नाव प्रचंड दगडी अक्षरांत रचले आणि ते नावच हल्कच्या पाठीवर कोसळत असल्याचे दाखवले. दगडांना तडे गेले आहेत, हल्क वाकून साऱ्या शक्तीनिशी तो भार पेलून धरतो आहे. त्याचा मूळचा चेहरा संपादकांना फार उग्र वाटल्याने तेवढा मरी सेव्हरिन यांनी बदलून दिला. माथ्यावरच्या ज्या नावापुढे चित्रकारांनी तीस वर्षे जागा सोडली होती, त्यालाच स्टेरँको यांनी चित्राचा विषय केले.

मुंबईत तयार झालेली मुखपृष्ठे

या इतिहासाची एक शाखा मुंबईत रुजली. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. फँटम आणि मँड्रेक यांच्या कथा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांवरून घेतलेल्या होत्या, आणि चित्रपट्टीला मुखपृष्ठ नसतेच. त्यामुळे ते इथेच रंगवून घ्यावे लागले. गोविंद ब्राह्मणिया यांनी पोस्टरच्या थाटात रंगवलेली मुखपृष्ठे त्यासाठी आली, आणि मराठीसह अनेक भाषांतल्या वाचकांच्या मनात फँटम ठसला तो या रंगांत.

त्याच प्रकाशनात काम केलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली. राम वाईरकर यांनी 'कृष्ण' रंगवला. पुण्याचे प्रताप मुळीक यांनीही या मालेसाठी विपुल काम केले. या मुखपृष्ठांची घडण अमेरिकी अंकांपेक्षा वेगळी आहे. नायक समोर, शांत, ओळखीच्या मुद्रेत उभा. राजा रविवर्मा यांच्या छापील तसबिरींपासून दिनदर्शिकांपर्यंत आलेली देवादिकांची प्रतिमा वाचकांच्या डोळ्यांत आधीच बसलेली होती. अनोळखी नायकाला मोटार आपटून लक्ष वेधावे लागते. कृष्णाला नुसते उभे राहिले तरी पुरते.

पूर्ण मुखपृष्ठ दिसू लागते

१९७० च्या दशकात अमेरिकेत विक्रीची रीतच पालटली. ब्रुकलिनमधील शिक्षक फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांकडून थेट, न परतीच्या बोलीवर अंक घेऊन फक्त कॉमिक विकणाऱ्या दुकानांना पुरवायला सुरुवात केली. १९७६ मध्ये मुखपृष्ठावर बारकोड आला. पुढे या खास दुकानांतल्या प्रतींवर बारकोडच्या चौकटीत तो नसे. 'मार्व्हल'च्या अंकांवर तिथे स्पायडरमॅनचा चेहरा दिसे. एकाच अंकाच्या दोन बाजारांची खूण अशी मुखपृष्ठावरच उमटली.

खास दुकानांत अंक पूर्ण दर्शनी लावता येत आणि गिऱ्हाईकही जाणते असे. मग माथ्यावरच्या पट्टीची सक्ती सैल झाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'वॉचमेन'चे नाव डाव्या कडेला उभे छापले होते. डेव्ह गिबन्स यांनी प्रत्येक मुखपृष्ठ हीच कथेची पहिली चौकट केली. पहिल्या अंकावर आहे पिवळ्या हसऱ्या बिल्ल्याचा अगदी जवळून दिसणारा तुकडा आणि त्यावरचा रक्ताचा ओघळ. पान उलटले की नजर मागे सरकते आणि बिल्ला रस्त्यावरच्या रक्तात पडलेला दिसतो. मुखपृष्ठ जाहिरात न राहता कथेचा भाग झाले.

१९८९ पासून 'सँडमन'च्या पंच्याहत्तरही अंकांची मुखपृष्ठे डेव्ह मॅककीन यांनी केली. त्यांनी छायाचित्रे, रंगचित्रे आणि खऱ्या वस्तू एकत्र आणल्या; लाकडी फळ्यांच्या चौकटी ठोकून त्यांत वस्तू मांडल्या आणि त्यांचे छायाचित्र घेतले. नायकाने मुखपृष्ठावर असलेच पाहिजे, हा नियमही त्यांनी मोडला.

याच मोकळिकीतून नुकसानही झाले. १९९१ च्या 'एक्स-मेन'चा पहिला अंक जिम ली यांच्या पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांनिशी आला. त्यांतली चार शेजारी ठेवली की एक अखंड दृश्य तयार होई. ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांनी मागवल्या. चकाकती, अंधारात उजळणारी, उठावाची मुखपृष्ठे निघू लागली. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला आणि अनेकांनी ती पिशवी उघडलीसुद्धा नाही. वाचण्याऐवजी साठवण्यासाठी घेतलेल्या अंकांचा भाव टिकला नाही. दुकाने बंद पडली, बाजार कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये 'मार्व्हल'ने दिवाळखोरी जाहीर केली. मुखपृष्ठ अंक उघडायला लावते, तोवरच त्याचे सामर्थ्य खरे असते. तो बंद ठेवण्यासाठी ते वापरले गेले आणि सगळ्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली.

पडद्यावरचे मुखपृष्ठ

आज मुखपृष्ठ बहुधा प्रथम दिसते ते फोनच्या पडद्यावर, अंगठ्याच्या नखाएवढे. शॉमबर्ग यांचा पसारा तिथे चिखल होऊन जाईल. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'हॉकआय'साठी डेव्हिड आहा यांनी जांभळा, काळा, पांढरा असे मोजके सपाट रंग, नेमबाजीची वर्तुळे आणि भरपूर मोकळी जागा एवढ्यावरच मुखपृष्ठे उभी केली. ती नखाएवढी झाली तरी ओळखू येतात आणि भिंतीवर लावली तरी शोभतात. पुढच्याच वर्षी त्यांना उत्कृष्ट मुखपृष्ठकाराचा आयस्नर पुरस्कार मिळाला.

चित्रकाराचे नाव

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट फार मागे राहिली. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १९३८ मध्ये १३० डॉलरना देऊन टाकले. सुरुवातीच्या कित्येक मुखपृष्ठांवर सहीच नाही. बोटांची ठेवण, कापडाच्या चुण्या, शाईची जाडी यांवरून चित्रकार ओळखण्याचे काम अभ्यासक आजही करत आहेत. मूळ चित्रे छपाई झाली की फेकली जात, वाटली जात किंवा प्रकाशकाच्या गोदामात पडून राहत. ती चित्रकारांना परत देण्याची पद्धत १९७० च्या दशकात पडली. जॅक कर्बी यांना तर त्यासाठी झगडावे लागले. 'मार्व्हल'साठी काढलेल्या दहा हजारांहून अधिक पानांपैकी साधारण दोन हजार त्यांना १९८७ मध्ये मिळाली.

हा बदलही दुकानानेच घडवला. नाक्यावरच्या मांडणीपुढे उभ्या असलेल्या मुलाला चित्रकाराच्या नावाशी कर्तव्य नव्हते. खास दुकानातले गिऱ्हाईक मात्र नाव घेऊन अंक मागू लागले, आणि नावावर अंक खपतो हे दिसताच ते छापले जाऊ लागले. आज मुखपृष्ठ कोणाचे हे आतल्या पानावर नोंदवलेले असते, त्यासाठी स्वतंत्र पुरस्कार आहेत आणि मूळ चित्राची मालकी सहसा चित्रकाराकडे राहते. जुन्या अंकांवरचे हे ऋण मात्र अजून फिटायचे आहे. अमेरिकेतले असोत वा मुंबईतले, ज्या हातांनी कोट्यवधी मुलांना वाचनाच्या दारात आणून उभे केले, त्यांची नावे शोधून त्यांच्या चित्रांखाली लिहिणे हे काम अभ्यासकांइतकेच ते अंक जपून ठेवणाऱ्या प्रत्येक वाचकाचे आहे.